सेंट मॉरिट्झ ते ला स्पेझिया रेल्वे प्रवास: आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या एजन्सीने आखलेल्या सहलीबद्दल इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या तक्रारी अशा: सेंट मॉरिट्झहून ला स्पेझियाला जाताना मिलान स्टेशनवर दोन तास नुसते बसून काढावे लागले, स्विस पास (स्वित्झर्लंडमधल्या गाड्यांचा प्रवासी पास) असूनही सेंट मॉरिट्झहून आल्प्स ओलांडून इटलीतल्या तिरानोला जाणाऱ्या बर्निना एक्स्प्रेसचे वेगळे पैसे पडले, हॉटेल समुद्रकाठच्या गावात नव्हतं, आणि तिकीट असताना चिंक्वे तेरेच्या (ला स्पेझियाजवळच्या समुद्रकाठच्या पाच गावांच्या) गाडीत दंड झाला. सोबत आई होत्या, तेव्हा त्या दिवशी किती दमणूक झाली असेल याची कल्पना आहे.

मिलानमधले दोन तास आम्ही मुद्दाम ठेवले होते, आणि अशा प्रवासात पुढेही ठेवू. तिरानोहून मिलानला येणारी गाडी प्रादेशिक. लेक्कोपर्यंतचा मार्ग बहुतांश एकाच रुळाचा आहे, त्यामुळे समोरची गाडी उशिरा आली की आपली गाडी क्रॉसिंगसाठी थांबते आणि तो उशीर पुढे वाढत जातो. या गाडीचं भाडं ठरलेलं असतं, सीट नंबर नसतो. चुकली तर पुढची पकडायची, फार बिघडत नाही. मिलान ते ला स्पेझिया इंटरसिटीचं (लांब पल्ल्याच्या गाडीचं) मात्र तसं नाही. तुमची तिकिटं सवलतीची, फक्त त्याच गाडीला चालणारी होती. दोन्ही तिकिटं स्वतंत्र असल्यामुळे पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पैसे बुडतात आणि चौघांची तिकिटं त्या वेळच्या भावाने पुन्हा काढावी लागतात. चाळीस मिनिटांचं कनेक्शन कागदावर छान दिसतं, पण आम्ही ते कुणालाच देत नाही.

दिवस लांब होता हे खरंच. ज्येष्ठ मंडळी असतील तर लेक कोमोकाठच्या व्हरेन्नाला एक रात्र काढावी, तिरानो–मिलान गाडी तिथे थांबते. हा पर्याय तुम्हाला पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात होता.

बर्निनाबद्दल: स्विस पासमध्ये तिरानोपर्यंतचं भाडं येतं, पण बर्निना एक्स्प्रेसच्या पॅनोरामा (मोठ्या काचांच्या) डब्यातलं आरक्षण सक्तीचं आणि वेगळ्या पैशांचं. ते नको असेल तर त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही. दृश्य तेच: 2253 मीटरवरच्या ओस्पिझिओ बर्निनाहून 429 मीटरवरच्या तिरानोपर्यंत, दातेरी रुळाशिवाय, दर हजार मीटरला 70 मीटरपर्यंतचा उतार. काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात. फोटो काढणाऱ्यांना आम्ही आवर्जून हीच गाडी सुचवतो.

ला स्पेझियात ठेवण्याचं कारण चार मोठ्या बॅगा. चिंक्वे तेरेच्या गावांत गल्ल्या चढाच्या आणि पायऱ्यांच्या. कोर्निलियात तर स्टेशनपासून गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. ला स्पेझियाहून त्यातलं रिओमाज्जोरे गाव गाडीने दहा मिनिटांच्या आत.

आता दंड. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. मोबाइलवरच्या तिकिटाला चढण्याआधी ऑनलाइन चेक-इन लागतं. इंटरसिटीला यातलं काही करावं लागत नाही, म्हणूनच आदल्या दिवशी इंटरसिटीने आलेली माणसं दुसऱ्या दिवशी इथे अडकतात. विसरलात, तर डब्यात बसून वाट पाहू नका. टीसी येण्याआधी आपणच त्याला गाठून सांगा.

दंडाची पावती आणि तिकिटाचा फोटो ऑफिसच्या ईमेलवर पाठवा. चेक-इनची वेळ गाडी सुटण्याच्या आधीची दिसत असेल, तर परताव्याचा अर्ज इटालियनमध्ये आम्ही लिहून देऊ. त्याचे पैसे लागणार नाहीत.