नगरपालिकेच्या मीटिंगला कोण बसतं?

आमच्या घरच्या ग्रुपवर मे महिना उजाडला की एक फॉरवर्ड हमखास येतो, पत्रकारांच्या स्वातंत्र्याच्या जागतिक यादीत भारत कितवा त्याचा. २०२५ ला १८० देशांत भारत १५१ वा आणि अमेरिका ५७ वी. मग एक पार्टी म्हणते गोदी मीडिया, दुसरी म्हणते ह्या गोऱ्यांच्या याद्या, दोन दिवस जुंपते आणि दमले की सगळे माझ्याकडे वळतात, तू अमेरिकेत आहेस ना, तू सांग, तुमच्याकडचा मीडिया खरंच एवढा भारी आहे का.

टीव्हीचं विचारत असाल तर अजिबात नाही. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांत घोटाळा झाला असं फॉक्स न्यूजवर किती दिवस चालू होतं, शेवटी डोमिनियन ह्या यंत्रांच्या कंपनीने दावा ठोकला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये, ज्युरी निवडून झालेली असताना, फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. त्याआधी कोर्टात अँकर लोकांचे आपापसातले मेसेज बाहेर आले होते, कॅमेऱ्यासमोर जे चालवत होते त्याची खाजगीत स्वतःच टिंगल करत होते. बरं एवढे पैसे भरूनही चॅनेल जोरात चालूच आहे. पण पैसे भरले, दोन-सव्वादोन वर्षांत भरले, हे मात्र मान्य करायला हवं. आपल्याकडे न्या. पी. बी. सावंतांचा फोटो भलत्याच बातमीत दाखवला म्हणून पुण्याच्या कोर्टाने २०११ ला टाइम्स नाऊला १०० कोटींची भरपाई द्यायला सांगितलं होतं, आठवतंय? ते अपिलात गेलं आणि सावंतसाहेब २०२१ ला गेले.

आणि सरकारला घाबरायचं म्हणाल तर तेही इकडे सुरू झालंय. जिमी किमेल ह्या विनोदवीराचा रात्रीचा टीव्ही शो २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काही दिवस बंद ठेवला होता, का, तर एफसीसीच्या, म्हणजे टीव्ही स्टेशनांना लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अध्यक्षांनी उघड दम दिला. लायसन्स सरकारच्या हातात असलं की मालक लोक कुठेही सारखेच वाकतात. ह्यावर अजून काय बोलणार.

माझं म्हणणं वेगळंच आहे. प्राइम टाइमवर कोण किती ओरडतं ह्यावर भांडत बसण्यापेक्षा गावच्या नगरपालिकेच्या मीटिंगला कोण बसतं ते बघा. मी न्यू जर्सीत राहतो, आपली मराठी मंडळी पोत्याने आहेत इकडे. ह्या राज्यातला सगळ्यात मोठा पेपर, स्टार-लेजर, त्याची छापील आवृत्ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, आता फक्त वेबसाइट. त्याच आठवड्यात जर्सी सिटीचा जर्सी जर्नल तर कायमचाच गेला, १८६७ पासून चालू होता. गंमत म्हणजे नगरपालिकांच्या जाहीर नोटिसा छापील पेपरात द्यायच्या असा कायदा होता, आता पेपरच नाही म्हटल्यावर कायदाच बदलायला लागला. २००५ पासून देशभरातले एक तृतीयांशाहून जास्त पेपर असे बंद पडलेत, आणि ते कुठल्या सरकारने बंद पाडले नाहीत, छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि बातमीदाराचा पगार निघेना, एवढंच.

त्याने होतं काय? आमच्या राज्यात सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेलाय, त्यातला निम्म्याहून जास्त शाळांना जातो. आता बिल्डरला नगरपालिका एक सवलत देऊ शकते, पायलट म्हणतात, नेहमीच्या टॅक्सऐवजी ठरलेली रक्कम भरायची, ३० वर्षांपर्यंत. त्यातले ९५ टक्के नगरपालिकेला, ५ टक्के काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं असतं त्याला, शाळेला द्यायलाच पाहिजेत असं काही नाही. म्हणजे तीनशे फ्लॅट येणार, पोरं शाळेत येणार, आणि भार बाकीच्यांवर. कधी कधी ही सवलत योग्यही असते, पडीक जागेवर कोण बांधणार नाहीतर, पण निदान कळायला तरी पाहिजे ना! आमच्या टाउनमध्ये असा ठराव आला त्या रात्री हॉलमध्ये जेमतेम आठ-दहा माणसं, प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, घड्याळ लावून, आणि पत्रकारांसाठी म्हणून कोपऱ्यात एक टेबल आहे त्यावर कोणीतरी डोनटचा खोका ठेवलेला. शाळेचं रेटिंग बघून घर घेणारे आपले लोक त्या वेळी घरी बसून यूट्यूबवर मुंबईच्या चॅनेलची डिबेट बघत होते. शिंदेंबरोबर किती आमदार गेले ते तोंडपाठ, स्वतःच्या वॉर्डच्या कौन्सिलमनचं नाव विचारा, चाट.

कॅलिफोर्नियात बेल नावाचं पस्तीसेक हजार वस्तीचं गाव आहे, तिकडे लक्ष ठेवणारा पेपर नव्हता. तिथला सिटी मॅनेजर वर्षाला जवळपास ७ लाख ८८ हजार डॉलर पगार घेत होता, अमेरिकेच्या अध्यक्षाला ४ लाख मिळतात. २०१० ला लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीदारांनी दार ठोठावलं तेव्हा कळलं. नंतर त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर गावाने किती वर्षं मुकाट टॅक्स भरला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे जिल्हा पान अजून निघतं, खड्डा, पाणी, टेंडर, सगळं त्यात येतं. उलट मुंबईत पेपर होते आणि नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत प्रशासकराज. आता तालुक्याच्या बातमीदाराला मानधन किती आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिराती किती आणायच्या हे कोणाला सांगायची गरज नाही, २००९ च्या निवडणुकीतलं पेड न्यूजचं प्रकरण पी. साईनाथांनी बाहेर काढलं ते महाराष्ट्रातलंच. तरी तो माणूस तिथे बसलेला असतो. आणि त्याची किंमतही मोजतो. राजापूरच्या शशिकांत वारिशेंची रिफायनरीसंबंधीची बातमी फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्या दिवशी छापून आली त्याच दिवशी त्यांना गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले, खुनाचा गुन्हा दाखल झाला. ५७ आणि १५१ मधला फरक मला तिथे दिसतो, स्टुडिओत नाही. इकडचा बातमीदार नोकरी जाईल म्हणून घाबरतो, राजापूरचा घरी पोचेन का म्हणून.

आमच्या टाउनमध्ये सध्या एक रिटायर्ड शिक्षिका मीटिंगची रेकॉर्डिंग बघून ईमेलवर बातमीपत्र काढते. महापौरांवर तिची जरा जास्तच खुन्नस आहे आणि कधी कधी चार-चार पानं पार्किंगवरच असतात, पण त्या पायलटच्या ठरावाचे आकडे मला तिच्याकडूनच कळले. महिन्याला पाच डॉलर मागते, मी देतो. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली तर पहिला प्रश्न आला, फ्री नाहीये का?