‘मूल झालं की दुखणं जातं’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं, की एंडोमेट्रिओसिस या पाळीत खूप दुखवणाऱ्या आजारावर लिहून मी मुलींना वांझपणाची भीती घातली. शिवाय ‘लग्न कर, मूल झालं की दुखणं जाईल’ हा सल्ला मी खोडला, पण तुमच्या भाचीला तो लागू पडला.

भाचीला बरं वाटलं, यात शंका नाही. गरोदरपणात पाळी बंद असते, अंगावर पाजताना ती लांबते. तेवढ्या काळात पुष्कळ जणींना आराम पडतो. पण या आजारात गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यालगत रुजलेलं, गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक मूल झालं म्हणून नाहीसं होत नाही. पाळी सुरू झाली की अनेकींचं दुखणंही परत येतं. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंच आहे, की केवळ या आजारावर इलाज म्हणून मूल होऊ द्या असं सांगू नये. आणि ज्या आजारात दिवस राहायलाच अडचण येऊ शकते, त्यावर दिवस राहणं हा उपाय कसा? नाही राहिले, तर सासरी बोल कोण ऐकणार?

आता भीतीबद्दल. हा आजार असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के जणींना मूल होण्यात अडचण येते, असं मानलं जातं. म्हणजे निदान निम्म्या जणींना येत नाही. हेही मी लेखात लिहिलं होतं. ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

मला खरी काळजी वाटते ती चॉकलेट सिस्टच्या, म्हणजे या आजारात बीजकोशात होणाऱ्या गाठीच्या, ऑपरेशनची. गाठ सोलून काढताना बीजकोशाचा थोडा चांगला भागही जातो आणि स्त्रीबीजांचा साठा घटतो. त्याच बीजकोशावर दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं तर आणखी. म्हणून पुढे मूल हवं असेल तर ऑपरेशनआधीच एएमएच तपासणी (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि बीजं गोठवण्याविषयी डॉक्टरांना विचारावं. मूल हवंय म्हणून आधी सहा महिने हार्मोनच्या गोळ्या घेऊन आजार ‘दाबायचा’, याने दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही. दुखणं कमी होतं, पण वेळ जातो, आणि पस्तिशीत तो महाग पडतो.

दिवस राहिल्यावर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि वार (प्लॅसेंटा) खाली असणं यांचा धोका थोडा जास्त असतो. बहुतेकींचं सगळं नीट पार पडतं. नाव नोंदवतानाच डॉक्टरांना आजाराची कल्पना द्यावी, इतकंच.

भाचीचं पोट पुन्हा दुखू लागलं तर ‘तुला तर दोन मुलं झाली, हा आजार कसा असेल?’ असं म्हणणारे भेटतील, कदाचित दवाखान्यातही. मुलं होऊनही हा आजार असू शकतो. साध्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही, तरीही असू शकतो. तेव्हा तिला या आजाराची माहिती असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या.