ग्रॅव्हल बाईक: अर्धं पटलं
एका लेखात म्हटलंय की ग्रॅव्हल बाईक, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची सायकल, धड रोड बाईक (डांबरावरची वेगवान सायकल) नाही न धड एमटीबी (माउंटन बाईक) नाही, अर्धंच पटलं बुवा. मी पुण्याहून पानशेत आणि पुढे कच्च्या रस्त्याला चालवतो, 40 एमएमचे ट्यूबलेस टायर, हवा 35-40 पीएसआयच ठेवतो, खडीवर हात बधिर होत नाहीत. डांबरावर मात्र रोड बाईकवाल्या ग्रुपसोबत ताशी 30 किमीच्या वर गेलं की दम निघतो, त्यात टायरपेक्षा गिअरचा दोष जास्त, पुढे पेडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चकती) त्यामुळे दोन गिअरमधे अंतर मोठं पडतं आणि पायाची लय तुटते. पण सिंहगडाच्या चढाला मागची 42 दातांची चकतीच देवासारखी धावून येते! आणि हो, घ्यायच्या आधी मडगार्डला जागा आहे का बघा, पावसाळ्यात पाठ चिखलाने रंगते राव..