सुरवंट आणि सल्लागार

आमच्या अंगणातला शेवगा वर्षभर आमटीला शेंगा देतो आणि पावसाळ्यात सगळा हिशेब वसूल करतो. खोडावर केसाळ सुरवंट एकमेकांना असे खेटून बसतात, की लांबून वाटावं, कुणीतरी बुंध्याला घोंगडीचा तुकडा चिकटवलाय. त्यांच्या वाटेला न जाणं सोपं आहे. पण त्यांचे केस आपल्या वाटेला येतात त्याचं काय? दोरीवरचं बनियन अंगात घातलं आणि पाठभर आग उसळली. गांधी उठल्या. सुरवंटाचा कुठे पत्ताही नव्हता. असायची गरजच नसते म्हणा; मेलेल्याचे, टाकलेल्या कातीचे, कोशाचे केससुद्धा तितकेच इमानी.

मी ओरडलो आणि सल्लागार जमले. आई "चोळू नकोस!" म्हणत घोंगडी घेऊन धावली, चोळायला. शेजारच्या काकूंनी चुना सुचवला. अण्णांचं मत, केसाने केस निघतो, पाठीवर डोकं घासा. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचं या उपचाराचं साहित्य कधीच संपलंय, म्हणून त्यांनी मोठ्या आशेने माझ्या बहिणीच्या वेणीकडे पाहिलं.

शहाणी निघाली ती भाची. "मामा, हलू नकोस. चोळलं की केस आणखी आत रुततात," म्हणत तिने दप्तरातली चिकटपट्टी काढली. हलकेच चिकटवायची, उचलायची, टाकायची, पुन्हा नवी. सुरवंटाचे केस निघाले आणि माझेही. पट्टीला आमच्यात फरक करता येत नव्हता. मग साबण-पाणी, फडक्यात बर्फ, वर कॅलामाइनचं गुलाबी लोशन. बनियन चिमट्याने उचलून वेगळं गरम पाण्यात गेलं. हात धुवून होईपर्यंत डोळ्याला बोट लावायची बंदी होती. डोळ्यात केस गेला तर घरगुती प्रयोग नाहीत, थेट डॉक्टर. श्वास लागला तरी तेच.

मी गुलाबी होऊन वाळत असताना अण्णांनी फोन पुढे केला. 2022 च्या सप्टेंबरात फिरलेला उसावरच्या 'घोणस अळी'चा मेसेज त्यांनी अजून जपून ठेवलाय: अळी डसली की पाच मिनिटांत माणूस खलास! तिचे काटे टोचले की भयंकर आग होते, पण जीव जात नाही, असं कृषितज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं. अण्णांच्या फोनपर्यंत खुलासे पोचत नाहीत.

"अण्णा, ती अळी वेगळी. हा सुरवंट."

"तरी बघू," म्हणत ते घड्याळ काढून समोर बसले. पाच मिनिटं उलटली तसे थोडे हिरमुसले, आणि चहा पिऊन गेले.