स्नायू वितळतात ते सलाइनमुळे नव्हे

‘रुग्णालयात औषधांनी स्नायू वितळतात, सलाइनच्या भडिमाराने मूत्रपिंडे निकामी होतात आणि मग डायलिसिस जन्माचे मागे लागते’, असा संदेश सध्या घरोघरी फिरत आहे. तो वाचून कोणी रुग्णाचे सलाइन थांबवायला लावले, तर नेमके मूत्रपिंडच गमावण्याची वेळ येईल, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा औषधांचा. त्यात थोडे तथ्य आहे: कोलेस्टेरॉल कमी करणारे सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यास रॅब्डोमायोलिसिसचा, म्हणजे स्नायुपेशी फुटण्याचा धोका वाढतो आणि त्यामुळेच ही जोडी टाळतात. परंतु पक्षाघातानंतर तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहिलेला, लांबलेल्या फिटचा, उष्माघाताचा किंवा ढिगाऱ्याखाली दबलेला रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याच्या स्नायूंची हानी आधीच झालेली असते. स्नायूंतून रक्तात उतरणारे सीपीके हे विकर (एन्झाइम) मात्र त्यानंतर एक ते तीन दिवसांत कमाल पातळी गाठते. आकडा डोळ्यांसमोर चढत असल्यामुळे नातेवाइकांना उपचारच कारण वाटतात, आणि त्यांचा हा समज मला तरी स्वाभाविक वाटतो.

सलाइनविषयीचा दावा मात्र साफ उलटा आहे. १९४१ मध्ये लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखाली सापडलेल्या चार रुग्णांच्या मूत्रपिंडांची हानी बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी वर्णिली. फुटलेल्या स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात गाळले जाते आणि शरीरात पाणी कमी, लघवी आम्लधर्मी असेल तर तेथील दुसऱ्या एका प्रथिनाशी मिळून सूक्ष्म नलिकांत त्याचे घट्ट गोळे अडकतात. शिवाय रक्तवाहिन्या आकसतात. लघवी काळ्या चहासारखी दिसते, पट्टीवरील तपासणी ‘रक्त’ दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नसतात. लवकर आणि पुरेसे दिलेले सलाइन हा अडथळा टाळते. सीपीके लिटरमागे ५,००० युनिटच्या वर गेल्यास मूत्रपिंडाचा धोका विशेष वाढतो, आणि तेव्हा प्रौढ रुग्णात ताशी सुमारे २०० ते ३०० मिलिलिटर लघवी व्हावी इतके द्रव देण्याचा प्रयत्न असतो. हृदय दुबळे असेल किंवा लघवी थांबलीच असेल तर मात्र हे प्रमाण तोलूनमापून ठरवावे लागते.

राहिले डायलिसिस. यातून वाचलेल्या बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागतात; आधीपासून मूत्रपिंडविकार असल्यास ही शक्यता कमी होते. फुटलेल्या पेशींतून रक्तात उतरलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते, आणि औषधांनी ते आटोक्यात येत नसेल तर डायलिसिस त्याच दिवशी करावे लागते.