गार्ड काय, कुठेही मिळतो म्हणे!

दर एप्रिलला तेच. अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टच्या रात्री (एनएफएलच्या टीम पाळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात ती रात्र) कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये आम्ही दहा-बारा जण जमतो, सगळे सिनसिनाटीवाले, तिथल्या बेंगल्स टीमचे चाहते, आणि मी नुसतं म्हटलं की बाबांनो या वेळी पहिल्या राउंडला गार्ड (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला समोरून मधोमध राखणारा लाइनमन) घ्या, की झालं, सगळे अंगावर येतात. "भावा, पहिल्या राउंडला गार्ड कोण घेतं? गार्ड काय, कुठेही मिळतो." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच सरकतं. कुठे मिळतो रे? मिळत असता तर आपल्याला इतक्या वर्षांत का मिळाला नाही?

फेब्रुवारी 2022 आठवा. रॅम्ससमोरची सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, 23-20 ने मागे, शेवटचं मिनिट, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न) आणि फक्त एक यार्ड हवाय. आपला रिसिव्हर चेस पलीकडे त्यांच्या रॅमसीला सोडून मोकळा सुटलाय, ड्राफ्टमध्ये पाचव्या पिकवर (निवडीवर) घेतलेला चेस, ज्याच्यासाठी सगळे नाचले होते (मीही नाचलो होतो, आणि तो पिक बरोबरच होता). पण आपला क्वार्टरबॅक बरो, त्याला तिकडे बघायला वेळच नाही कारण रॅम्सचा अॅरन डोनाल्ड आपल्या डाव्या गार्डला मागे टाकून थेट त्याच्या अंगावर. बरोला धरून गरकन फिरवला, बॉल कसाबसा सुटला आणि सिझन संपला. त्या एका मॅचला सात सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच सात वेळा क्वार्टरबॅक पाडला. त्याआधी टेनेसीत नऊ, आणि रेग्युलर सिझनला 51. एवढं बघूनही माणसं म्हणतात गार्ड महत्त्वाचा नाही.

अरे, बाहेरून टॅकलला (टोकाच्या लाइनमनला) वळसा घालून कुणी आला तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकू शकतो, पॉकेट (लाइनमननी त्याच्याभोवती राखलेली जागा) असतंच त्यासाठी. पण मधूनच भिंत कोसळली तर जाणार कुठे? पुढे माणूस, पाय रोवायला जागा नाही, आणि मधला रस्ता सगळ्यात जवळचा. टॅकल हरला तर एखादवेळ निभावतं, गार्ड हरला की खेळ तिथेच खलास. हे मी टीव्हीसमोर हातवारे करून किती वेळा सांगितलं असेल.

कोल्ट्सच्या गार्ड नेल्सनचं नाव काढलं की म्हणतात तो अपवाद. बरं, अपवाद तर अपवाद, पण काय झालं ते तरी बघा. 2017 ला कोल्ट्सनी 56 सॅक खाल्ले, 4-12 (चार जिंकल्या, बारा हरल्या). 2018 ला तिसरा पिक जेट्सना देऊन सहाव्यावर आले, तिथे नेल्सन घेतला, वर मिळालेल्या दुसऱ्या राउंडच्या एका पिकमधून आणखी एक लाइनमन ब्रेडन स्मिथ, आणि त्या सिझनला सॅक फक्त 18, 10-6, प्लेऑफ. मान्य, नवा कोच आला होता, त्यांचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक दुखापतीतून परत आला होता, बॉल लवकर सुटत होता. पण पहिली तिन्ही वर्षं नेल्सन ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाला, तो काय कोचमुळे? आणि दुःख याचं आहे की हे सगळं उशिरा केलं, लकच्या शरीराची तोवर वाट लागलेली, पुढच्याच ऑगस्टला त्याने खेळ सोडला. बैल गेला आणि झोपा केला!

हो, फसलेलेही आहेत. 2013 चे गार्ड कूपर आणि वॉर्मॅक, दोघंही पहिल्या दहात गेले, दोघंही फुकट. 2022 चा केनियन ग्रीन पण. कूपरचा तर प्रीसिझनलाच पाय मोडला. पण क्वार्टरबॅक फसत नाहीत? रिसिव्हर फसत नाहीत? त्यांच्यामुळे कुणी म्हणतं का की पहिल्या राउंडला क्वार्टरबॅक घेऊच नका?

मग येतो चीफ्सचा गार्ड ट्रे स्मिथ. "सहाव्या राउंडला मिळाला बघ." अरे तो सहाव्याला घसरला कारण त्याच्या फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि टीम घाबरल्या होत्या! खेळ कमी होता म्हणून नाही. आणि त्याच स्मिथला 2025 ला चीफ्सनी चार वर्षांचे 94 मिलियन डॉलर दिले. दुसरा गार्ड थ्युनी तिसऱ्या राउंडचा, बरोबर, पण 2021 ला तोही पाच वर्षांसाठी 80 मिलियनला गेला. म्हणजे आता चांगला गार्ड बाजारात वर्षाला वीस मिलियनच्या वर जातोय आणि तुम्ही म्हणता कुठेही मिळतो! मग रुकी (नवख्याच्या) कॉन्ट्रॅक्टवर चार वर्षं स्वस्तात का नको? पैशाचा एक मुद्दा मला पटतो, फ्रँचायझी टॅगला (कॉन्ट्रॅक्ट संपलेला खेळाडू ठरलेल्या भावात एक वर्ष राखून ठेवायची सोय) सगळे लाइनमन एकाच टोपलीत मोजतात त्यामुळे गार्डलाही टॅकलचा भाव द्यावा लागतो. पण ते पुढचं पुढे बघता येतं ना, आधी क्वार्टरबॅक उभा तर राहू दे.

2025 चा ड्राफ्ट तर मला झोपू देत नाही. 17 वा पिक आपला, बोर्डवर लाइनमन ग्रे झेबल शिल्लक, मी ओरडतोय, आणि घेतला कोण तर एज रशर, म्हणजे टोकावरून समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. लगेच 18 व्याला सिअॅटलने झेबल उचलला, पहिल्या मॅचपासून डावा गार्ड म्हणून उभा केला आणि त्याच सिझनला ते सुपर बोल जिंकले. एका झेबलमुळे जिंकले असं मी म्हणत नाहीये. पण आपला बरो त्याच सिझनच्या दुसऱ्याच आठवड्यात जॅक्सनव्हिलसमोर सॅक झाला, पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन, नऊ मॅच बाहेर, थँक्सगिव्हिंगला परत आला तेव्हा सिझन हातातून गेला होता. 2020 ला गुडघा, 2025 ला अंगठा. अजून काय मोडायचं राहिलंय त्याचं?