न घसरणारी पट्टी आणि ‘हौशी माणसाची कुबडी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काच कापताना तळाला रबर लावलेली पट्टी वापरावी, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. “अशी पट्टी ही हौशी माणसाची कुबडी आहे, खऱ्या कारागिराला साधी लाकडी पट्टी पुरते,” असे आपण लिहिले आहे. त्याखेरीज रबरामुळे पट्टी उचलली जाते, रॉकेलने रबर खराब होते, तयार पट्टी महाग पडते आणि टफन्ड (भट्टीत तापवून कठीण केलेली) काच अशा पट्टीनेही कापली जात नाही, अशी पुस्तीही जोडली आहे. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्याचे काम आपण पाहिलेले नाही त्याला हौशी ठरवून मोकळे होणे, ही चर्चेची रीत नव्हे.

रॉकेलने रबर फुगते, हे मान्य. कटरचे, म्हणजे काचेवर रेघ मारणाऱ्या हत्याराचे, चाक रॉकेलात बुडवल्यावर झटकून घ्यावे आणि काम संपल्यावर पट्टीची खालची बाजू पुसून ठेवावी, एवढी ओळ मी लेखात घालीन.

आता कारागिराच्या हाताविषयी. पट्टी घसरते ती हात कच्चा असल्यामुळे, असे आपण गृहीत धरले आहे. वास्तविक लांब काचेवर डावा हात पट्टीला मधोमधच दाबू शकतो. कटर तिच्या कडेला टेकून पुढे सरकतो तेव्हा तो तिला थोडासा बाजूलाही ढकलत असतो, आणि बोटांपासून जितके दूर जावे तितका तो रेटा पट्टी फिरवायला अधिक पुरेसा ठरतो. खाली गुळगुळीत काच, तीवर रॉकेलचा ओशटपणा. अशा वेळी डावा हात जोराने दाबावा, तर फ्रेमची दोन मिलिमीटरची काच टेबलावरच्या एखाद्या कणावर तडकते. आणि पट्टी सरकण्याची चूक मागाहून सुधारता येत नाही, कारण चाक काच कापत नसते. ते रेघेखाली एक बारीक भेग पाडते आणि आपण काच वाकवली की तीच भेग आरपार जाते. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवले तर कडेचे कपचे उडतात आणि चाकाची धारही जाते. मधेच मिलिमीटरभर सरकलेली रेघ म्हणजे फ्रेमच्या खाचेत अडणारी किंवा फट दाखवणारी काच.

सांगलीत माझ्या वडिलांचे तसबिरी मढवण्याचे दुकान होते आणि माझे शिक्षण त्या टेबलापाशीच झाले. त्यांची सागवानी पट्टी वरून पाहणाऱ्याला साधीच वाटे; खालून तिला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्यांना हौशी म्हणण्याचे धाडस त्यांच्यासमोर कोणी केले नसते. आपण ज्या खऱ्या कारागिरांचा हवाला देता, त्यांच्यापैकी एकाची तरी पट्टी उलटी करून पाहिली आहे काय? वीतभर तुकड्याला कोणतीही पट्टी चालते, हे मी लेखातच म्हटले होते. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर तेही दिसले असते.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्याची गरज नाही. ट्यूबच्या जाडीने पट्टी किंचित उचलली, तरी कटरचे डोके तिच्या कडेला टेकतेच. पातळ पोलादी पट्टीवर ते चढू नये म्हणून ही उंची उलट उपयोगीच पडते. चाक आणि कड यांत राहणारे दोन-तीन मिलिमीटरचे अंतर रद्दी तुकड्यावर रेघ मारून मोजावे आणि पट्टी तेवढी आत ठेवावी. तयार पट्टी महाग वाटत असेल तर पंक्चरवाल्याकडे जावे. राहिली टफन्ड काच. ती कठीण केल्यानंतर कोणत्याच पट्टीने कापता येत नाही, म्हणून भट्टीत घालण्यापूर्वीच मापात कापून घेतात. माझ्या लेखात तिचे नावसुद्धा नव्हते, तेव्हा तो टोमणा नेमका कोणाला होता, हे आपणच सांगावे.